सात दिवसांचा आवाज

आमचा दादा वाईट माणूस नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमेल याची मला खात्री नाही.

वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत तो प्रोग्रॅमर आहे. काट्यावर टोमॅटोची पेटी ठेवली की समोर हिरवा आकडा उमटतो, तो आकडा उमटवण्याचं काम दादा बावीस वर्षं करतोय. काट्याच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि जुन्या चिपांची स्मरणशक्ती बेताचीच असायची. तिच्यात मावेल अशी एक अगदी छोटी भाषा त्याचे पहिले साहेब वापरायचे. भाषा म्हणजे बोलायची नव्हे, यंत्राला कामं सांगायची. साहेब निवृत्त झाले, चिपा मोठ्या झाल्या, कंपनीने ती भाषा टाकून दिली आणि दादाने ती उचलून घरी आणली. तेव्हापासून ती त्याच्या डोक्यावर बसली आहे.

या भाषेची रीत अशी की वस्तू आधी सांगायच्या आणि हुकूम शेवटी द्यायचा. बाकीच्या भाषा म्हणतात, मिळव, काय, तर दोन आणि तीन. ही म्हणते, दोन, तीन, मिळव. "आपण असंच बोलतो ना!" असं दादा टेबलावर हात आपटून सांगतो. "कोणी म्हणतं का, आण पाणी पेला भरून थंड? यंत्राशी बोलायला एवढी एकच भाषा आपल्या चालीची आहे, आणि तिला कोणी विचारत नाही." मग तो जेवणाच्या ताटांची एकावर एक चळत रचून दाखवतो. येईल ती वस्तू वर ठेवायची, हुकूम आला की वरची उचलायची. असं दाखवताना त्याने माझ्याकडची दोन काचेची ताटं फोडली आहेत. ऑफिसात त्याला चळतराव म्हणतात, आणि हा आपला गौरव आहे असा त्याचा समज आहे.

ही भाषा जाणणारी माणसं जगात किती, हे मी एकदा विचारलं. "क्रियाशील म्हणशील तर सात," तो म्हणाला.

आठवे आमचे अप्पा. ते कसे झाले ते सांगते.

अप्पा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. अडतीस वर्षं. पहाटे ओट्यावर उभे राहिले की शेवटच्या गाळ्यातला हमाल मान वर करायचा असा आवाज. आणि जिभेला हाड नव्हतं. सडका माल आणणाऱ्याची, भाव पाडणाऱ्याची, मधेच खोकणाऱ्याची, कोणाचीच गय नव्हती. घरी आम्हालाही तोच प्रसाद. आई असताना ती म्हणायची, तुमचे वडील मला हाक मारतात तेव्हा मला आपण कोबीची गोणी आहोत असं वाटतं. मग त्यांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. ते खरंच होतं, पण घरात जो वाचून आला तो मला ओळखीचा वाटेना.

अप्पा माझ्याकडे राहतात. मी दाताच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते, त्यामुळे तोंड उघडून न बोलणारी माणसं मला रोजची. पण अप्पांचं गप्प बसणं मला बघवेना. त्यांना पाटी आणून दिली. पाटीवर भांडता येत नाही हो. वाक्य लिहून होईपर्यंत ज्याला झापायचं तो खोलीतून निघून गेलेला असतो. तीन आठवड्यांनी त्यांनी पाटी कपाटावर टाकली आणि लिहिणंही सोडलं. नुसते खिडकीशी बसून राहायचे. मी घाबरले.

आता इथे दादाला शंभरपैकी शंभर. तो आला, त्याने हे पाहिलं, आणि दोन महिन्यांत फोनवर चालणारं एक ॲप केलं. बटण दाबलं की फोन बोलायचा. अशी ॲपं फोनमधल्या ॲपच्या दुकानात ढिगाने मिळतात, मी एक घेऊनही दिलं होतं. त्यात हसऱ्या बाळाच्या चित्रावर बोट ठेवलं की एक गोड बाई म्हणायची, "मला आनंद झाला आहे." अप्पांनी ते एकदाच दाबलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच ते पुसून टाकलं.

दादाच्या ॲपची गंमत वेगळी होती. त्याच्या आत ती अख्खी भाषा होती. जुन्या शब्दांतून नवा शब्द रचायचा, त्याला नाव द्यायचं, की बटण तयार. आणि अप्पांना ती भाषा एका दुपारीत आली! दादा ताटं मांडायला उठला तर अप्पांनी त्याला हातानेच खाली बसवलं. फ्लॉवर, चाळीस पेट्या, पहिली प्रत, बोला! आयुष्यभर त्यांनी वस्तू आधी आणि हुकूम शेवटी असंच पुकारलं होतं. दादाला इतकी वर्षं जे कोणाच्या गळी उतरवता आलं नाही, ते ज्याचा गळाच कापला होता त्या माणसाने एका बैठकीत घेतलं.

मग घरात काही खरं नव्हतं. अप्पांनी 'पेपर' असा एक शब्द केला. तो आधी घड्याळ बघायचा. आठच्या आत दाबला तर म्हणायचा, "पेपर आला का?" आठनंतर, "पेपरवाला मेला का?" आणि नऊनंतर जे म्हणायचा ते मी इथे लिहिणार नाही. माझ्या नवऱ्यासाठी एक शब्द होता, तो दर वेळी सात टोमण्यांतला वेगळा एक टोमणा काढायचा, म्हणजे बिचाऱ्याला तयारी करून यायची सोय नाही. एका महिन्यात साठ शब्द झाले. घर पुन्हा शिव्यांनी भरलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

घोडं अडलं ते दुकानापाशी.

अप्पांचा फोन दादानेच दिलेला, त्या दिमाखदार कंपनीचा, जिच्या फोनमध्ये कंपनीच्या स्वतःच्या दुकानातूनच ॲप घ्यावं लागतं. बाहेरून आणलेलं ॲप चाचणी म्हणून चालतं, पण सातच दिवस. सातव्या दिवशी त्याचा परवाना संपतो आणि ते उघडत नाही. म्हणजे दर आठवड्याला कोणीतरी लॅपटॉप आणि वायर घेऊन येऊन अप्पांच्या आवाजात पुन्हा सात दिवस भरायचे. हे काम दादाचं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. पूर्वी दोन महिन्यांतून एकदा यायचा, तोही गाडीची किल्ली हातात धरून. आता दर रविवारी अकराला हजर. भरायचं काम दहा मिनिटांचं, पण त्यानंतर अप्पा आपले नवे शब्द दाखवणार, दादा त्यात चुका काढणार, "अप्पा, हे तीन शब्दांत बसलं असतं," मग अप्पा त्याला त्याच्याच भाषेत झापणार, आणि हे सगळं संध्याकाळच्या चहापर्यंत. रोज औषधं मी देते, पथ्याचं मी बघते, दवाखान्यात मी नेते. माझ्यासाठी कोणी अकरा वाजता दाराकडे तोंड करून बसत नाही, पण ते असो.

कायमचा इलाज म्हणजे ॲप दुकानात ठेवणं. दादाने ते पाठवलं आणि तीन दिवसांत नकार आला. कारण एका ओळीचं होतं. या ॲपमध्ये वापरणारा स्वतः आज्ञा लिहून चालवू शकतो, ते आमच्या धोरणात बसत नाही. अप्पा फोन ताब्यात घेऊन जगाचा काय विध्वंस करणार होते ते त्यांनाच ठाऊक. दादाने अकरा पानी उत्तर लिहिलं. त्यात मानवी विचारस्वातंत्र्य होतं, भाषांचा इतिहास होता, वजनकाट्यांचाही होता. अप्पा फक्त नवव्या पानावर, एकदाच. उत्तराला उत्तर म्हणून तीच एक ओळ परत आली. दादाने पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच ओळ. चौथ्या खेपेला मात्र पलीकडे कोणीतरी हाडामांसाचं बसलं असावं. त्या माणसाने कळवलं की ॲप प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी असेल तर चालेल, शैक्षणिक विभागात टाका, म्हणजे मंजूर करता येईल.

मी म्हटलं, "सुटलो! टाक शैक्षणिकमध्ये."

"ते शैक्षणिक नाही," दादा म्हणाला.

"अरे, तू अप्पांना शिकवलंस ना? ते शिकले ना? मग अजून काय असतं शिक्षण?"

"चिमे, प्रश्न ॲपचा नाही, तत्त्वाचा आहे. माझ्या वडिलांचा आवाज हे खेळणं आहे असं मी लिहून देऊ?"

"मग दुसऱ्या फोनवर टाक. तो साधा, सगळ्यांकडे असतो तो. त्यात बाहेरून टाकता येतं म्हणे."

तेव्हा दादाने आपली वही काढली. वहीत तक्ता होता. डावीकडे बंद दुकानाचा फोन, उजवीकडे उघड्या मैदानाचा, आणि मधे सोळा निकष. हा तक्ता तो अकरा महिने भरत होता. उजवीकडे भाषेला मज्जाव नाही, पण शंभर कंपन्यांचे शंभर फोन, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. शिवाय आज उघडं आहे ते उद्या कुंपण घालणारच नाहीत याची हमी कोण देतो? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे मैदान सोडून पळणं. "मी इथेच राहून लढणार," तो म्हणाला. हे तो ज्या फोनकडे बघत म्हणाला तो त्याच दिमाखदार कंपनीचा, नवाकोरा. दर दोन वर्षांनी तो त्या कंपनीला शिव्या देतो आणि तिचाच पुढचा फोन घेतो.

मी अप्पांकडे पाहिलं. ते ढिम्म. एरवी एवढ्या वादात त्यांचं बोट स्वस्थ बसत नाही. मला वाटलं थकले असतील.

अशातच बाजारातून निरोप आला. घाऊक बाजाराची नवी शेड बांधून झाली होती, सोमवारी सकाळी पहिला लिलाव होता, आणि पहिली पुकार अप्पांनीच करावी असं जुन्या अडत्यांचं म्हणणं पडलं. फोनवरून चालेल का, असं मी भीतभीत विचारलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "ताई, त्यांनी कशावरूनही पुकारावं. आम्हाला शिव्या त्यांच्याच हव्यात."

अप्पा पंधरा दिवस त्या एका पुकारीवर बसले होते. माल, नग, प्रत आणि सुरुवातीचा भाव दिला की फोन बोली चढवत नेणार, कोणी गप्प राहिला तर टोमणा मारणार, आणि तीनदा म्हणून सौदा पक्का करणार. त्यांनी एका शब्दात एवढं कोंबलं होतं की दादानेही दोनदा वाचून मान डोलावली. "अप्पा, हा मी सगळ्यांना दाखवणार," तो म्हणाला. अप्पांनी ओठ दाबून हसू आवरलं. मला ते दिसलं.

आणि त्या रविवारी दादा आला नाही.

त्याचं झालं असं की त्या सात जणांचं वार्षिक संमेलन होतं, सगळे आपापल्या घरून संगणकावर, आणि दादाचं व्याख्यान होतं. विषय होता 'खिशातल्या यंत्राचं भाषणस्वातंत्र्य'. व्याख्यान चार तास चाललं. त्यांतल्या एकाचा माईक शेवटपर्यंत बंदच होता, तरी त्याने फार छान झालं असं हाताने दाखवलं म्हणे. मी दुपारी फोन केला तर दादा म्हणाला, "परवाना उद्या दुपारपर्यंत आहे, मी हिशेब केलाय. सकाळचा कार्यक्रम आरामात निघेल." त्याचा हिशेब बरोबर होता, फक्त तो त्याआधीच्या खेपेचा होता. तेव्हा तो सुट्टी म्हणून सोमवारी दुपारी आला होता; गेल्या आठवड्यात मात्र रविवारी अकरालाच आवाज भरून गेला, हे तो विसरला. मुदत रविवारीच उलटून गेली होती. आणि अप्पा पुकार जपायची म्हणून रविवारी दिवसभर फोनला हातच लावत नव्हते. त्यामुळे आम्हाला पत्ताच लागला नाही.

सोमवारी सकाळी नव्या शेडमध्ये तीनशे माणसं. अप्पा ओट्यावर चढले. इस्त्रीचा सदरा, गळ्याभोवती पांढरा रुमाल. म्होरक्याने फोनसमोर माईक धरला. अप्पांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी खालून बघत होते. त्यांनी फोन डोळ्यांशी नेला, मग लांब धरला, मग माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं, हे ॲप आता उपलब्ध नाही. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं सुरू होतंय. मग टाळ्या थांबल्या. तीनशे माणसांचा बाजार इतका शांत मी कधी ऐकला नव्हता, आणि त्याच्या मधोमध माझे वडील तोंड उघडून उभे होते.

कोणीतरी म्हणालं, "असू द्या, असू द्या." अप्पांना आयुष्यात कोणी 'असू द्या' म्हटलं नव्हतं. ते खाली उतरले. पहिली पुकार दुसऱ्याच कोणी केली. घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दादा संध्याकाळी आला. आधी त्याने लॅपटॉप उघडून मुदत कधी संपली ते तपासलं, मग "अरेच्चा" म्हणाला. मी त्याला जे बोलले ते अप्पांच्या नऊनंतरच्या पेपरसारखंच होतं. तो ऐकून घेत होता, त्याचा चेहरा उतरला होता, हे कबूल करते. पण शेवटी त्याने पुन्हा तीच वही काढली आणि अप्पांपुढे ठेवली. "अप्पा, माझं चुकलं. आता तुम्हीच ठरवा. तुम्हाला कुठला प्लॅटफॉर्म हवाय?"

अप्पांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी पाटी काढून दिली. त्यांनी सावकाश लिहिलं, 'ज्यावर तुझी वाट बघावी लागत नाही तो.'

दादाने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि मान हलवली. मग खिशातून पेन काढून तक्त्याखाली नवी ओळ आखली. निकष सतरावा, बनवणाऱ्यावर अवलंबून राहणं नको. "हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता," तो म्हणाला, आणि डावीकडे फुली मारून उजवीकडे बरोबरची खूण केली. अकरा महिन्यांचा प्रश्न मिटला. अप्पांनी पाटी पुसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्याखालच्या दुकानातून साधा फोन आणला. त्यानंतरच्या रविवारी दादाने त्यात सगळं हलवलं, एकशेबारा शब्द, एकही गळला नाही. नवा फोन जुन्यापेक्षा मोठ्याने बोलायचा. "आता दुकान नाही, परवाना नाही, मुदत नाही," दादा वायर गुंडाळत म्हणाला. "आता हे कधीच बंद पडणार नाही." काम बारा वाजायच्या आत झालं. तो जेवायलाही थांबला नाही, कारण संमेलनातल्या सहा जणांना तो सतरावा निकष समजावून सांगायचा होता.

आणि खरंच, बंद पडत नाही. पुढच्या रविवारी दादाचा फोन आला. "अप्पांचं चालू आहे ना?"

"चालू आहे."

"झकास. मग आज येत नाही."

त्याच्या पुढच्या रविवारीही हेच. तिसऱ्या रविवारी फोन नाही, नुसता संदेश, आणि त्यात एक अंगठा. अप्पांनी त्या तीन आठवड्यांत एकही नवा शब्द केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, म्हणजे फोन म्हणाला, "बघणार कोण?"

काल चौथा रविवार. अप्पांनी आंघोळ उरकून इस्त्रीचा सदरा घातला आणि अकरा वाजता दाराकडे तोंड करून बसले. साडेअकरा झाले, बारा वाजले. मी ताटं घ्यायला उठले तेव्हा मागून फोन बोलला. स्वच्छ, खणखणीत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

"चिमे, दादाला फोन लाव. सांग, बंद पडलंय."

मी वळून पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मी फोन लावला. "दादा, अप्पांचं बंद पडलंय."

"शक्यच नाही," तो म्हणाला. "काहीच बोलत नाहीत?"

"एक अक्षर नाही," मी म्हटलं, आणि अप्पांनी पुन्हा काही दाबू नये म्हणून त्यांचं बोट मुठीत घट्ट धरून ठेवलं.